जुना गोटीपाना आणि एका बाजूचं ग्रीस

दिवाळीनंतरच्या एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून मी १८० रुपयांना एक रॅचेट घेतला. अर्धा इंची, नासपतीसारख्या डोक्याचा, क्रोम बरंचसं उडालेलं, कंपनीचं नाव घासून गेलेलं. विकणाऱ्या काकांनी तो कानाजवळ धरून दोनतीनदा फिरवला आणि म्हणाले, "ताई, आवाज ऐका. असं लोखंड आता येत नाही." आवाज खरंच छान होता, कर्रर्र असा. मी घासाघीसही केली नाही.

तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये माझा ज्युनियर त्याच पान्याने रिगचा एक बोल्ट आवळत होता. जोर लावला आणि पाना सटकला. हात सरळ रिगच्या कडेवर. दोन टाके पडले. तो बिचारा म्हणाला, "ताई, माझंच चुकलं असेल." पण त्याचं काही चुकलं नव्हतं. मीच न तपासलेलं हत्यार त्याच्या हातात दिलं होतं. आमच्या सरांनी हाताची पट्टी बघितली, पाना बघितला आणि एवढंच म्हणाले, "एकतर नीट कर, नाहीतर भंगारात टाक. मधलं काही नको."

पुढचे दोन आठवडे, कामाच्या वेळेबाहेर, मी त्या पान्याच्या मागे लागले. तुमच्यापैकी बरेच जण नेट किंवा पेटच्या तयारीत आहात, हायपोथिसिसची व्याख्या पाठ आहे, कंट्रोल म्हणजे काय हेही चार मार्कांपुरतं लिहिता येतं. मलाही येत होतं. तरी या १८० रुपयांच्या पान्याने मला दोनदा तोंडावर पाडलं, एकदा विचारात आणि एकदा हाताने. ते कसं, ते सांगते.

आधी पाना चालतो कसा ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. डोक्याच्या आत एक दातेरी चक्र असतं. त्याच्याच अंगाला चौकोनी दांडा असतो, त्यावर आपण गोटी बसवतो. अर्धा इंची म्हणजे त्या चौकोनाची बाजू १२.७ मिलिमीटर. चक्राच्या दात्यांत अडकणारी एक खिटी असते, तिला पॉल म्हणतात. हँडल एका दिशेला ओढलं की खिटी दात्यांत रुतते आणि चक्र हँडलबरोबर फिरतं. हँडल मागे नेलं की दाता खिटीला बाहेर ढकलतो, खिटी स्प्रिंगवर दबते आणि पुढच्या दात्यात पडते. टिक्. माझ्या पान्यात एका पूर्ण फेरीला २४ टिका येतात, म्हणजे चक्राला २४ दाते आणि एका टिकेला १५ अंश. अडचणीच्या जागेत हँडल निदान १५ अंश हलायला हवं, नाहीतर पाना बिनकामाचा. आजकाल ७२ दात्यांचे मिळतात, त्यांना ५ अंश पुरतात, पण तेवढ्याच चक्रावर तिप्पट दाते बसवायचे म्हणजे प्रत्येक दाता बारीक होणार, हे उघड आहे.

आता दिशा बदलायची गंमत. माझ्या पान्यातली खिटी बागेतल्या सी-सॉसारखी आहे. मधोमध पिन, दोन्ही टोकांना दाते. मागच्या बाजूला दिशा बदलायचा खटका आहे आणि खटक्याच्या पोटात एक छोटी स्प्रिंग, तिच्या टोकावर एक छर्रा. खटका एकीकडे केला की छर्रा खिटीच्या त्या बाजूच्या खांद्यावर दाब देतो, ते टोक चक्रात शिरतं आणि दुसरं टोक चक्रापासून दूर, डोक्याच्या भिंतीकडे जातं. खटका दुसरीकडे केला की सगळं उलट. एका टोकाला आपण आवळण्याचं टोक म्हणू, दुसऱ्याला सोडवण्याचं.

एक गैरसमज इथेच काढून टाकते, कारण तो माझाही होता. स्प्रिंग भार पेलत नाही. एवढीशी स्प्रिंग काय पेलणार! माझ्या पान्याचं हँडल डोक्याच्या मध्यापासून २५ सेंटिमीटर आहे आणि चक्राची त्रिज्या साधारण साडेबारा मिलिमीटर. म्हणजे हाताने २० किलोचा जोर लावला तर दात्यांवर त्याच्या वीसपट, ४०० किलोचा भार येतो. स्प्रिंगचं काम फक्त खिटीला दात्यांच्या तळापर्यंत पोचवायचं. एकदा ती पूर्ण बसली की दात्याकडून येणारा भारच तिला आणखी आत दाबेल असा कोन ठेवलेला असतो. पण खिटी पूर्ण बसली नाही, नुसती दात्याच्या शेंड्यावर टेकली, तर तोच भार तिला बाहेर लाथाडतो. पाना सटकतो तो असा. ही गोष्ट मला पुस्तकातून नाही, पेटंटांच्या चित्रांतून कळली. रॅचेट असलेल्या गोटीपान्याचं एक पेटंट अमेरिकेत १८६३ साली व्हर्माँटमधल्या जे. जे. रिचर्डसन यांना मिळालं होतं. तेव्हापासून लोक याच कोनाशी झटतायत. जाता जाता, पेटंट वाचायला शिका. ती फुकट असतात, आणि यंत्राचा प्रत्येक भाग त्यात आकडा देऊन दाखवलेला असतो. आपल्याकडे पीएचडीची मुलं फक्त पेपर वाचतात.

मग माझा पाना का सटकत होता? उघडण्याआधी वहीत चार कारणं लिहिली. स्प्रिंग दमलीय. आतलं ग्रीस घट्ट होऊन खिटी अडकतेय. चक्राचा एखादा दाता तुटलाय. किंवा खिटीचे दाते झिजलेत.

वर्कशॉपमधले मामा म्हणाले, "वही कशाला? उघड आणि बघ." यात तथ्य आहे, बहुतेक वेळा उघडून बघणं हाच शहाणपणा असतो. पण उघडलं की पाना हलतो, ग्रीस सरकतं, स्प्रिंग सैल होते. ज्या अवस्थेत तो सटकत होता ती अवस्था पुन्हा मिळत नाही. म्हणून मी म्हटलं, बंद पान्याकडून जेवढं काढून घेता येईल तेवढं आधी घेऊ.

आणि इथे एक सुरेख गोष्ट लक्षात आली. दोन्ही दिशांना चालणाऱ्या पान्यात कंट्रोल आतच बसवलेला असतो! आवळताना तो सटकतो. सोडवताना सटकतो का? दोन्ही दिशांना स्प्रिंग तीच, छर्रा तोच, ग्रीस तेच. बदलतं ते फक्त खिटीचं टोक आणि दात्याची बाजू. शिवाय चक्राचा एखादाच दाता तुटला असेल तर पाना ठरावीक जागीच सटकेल. कुठेही सटकत असेल तर दोष चक्राच्या एका जागी नाही.

व्हाइसमध्ये षट्कोनी सळईचा तुकडा घट्ट धरला, त्यावर गोटी, गोटीवर पाना. हँडलच्या टोकाला प्रवासाच्या बॅगा तोलायचा डिजिटल काटा अडकवला. चौकोनावर मार्करने एक खूण केली आणि २४ जागांना नंबर दिले. प्रत्येक जागी काट्याने हळूहळू १० किलोपर्यंत ओढायचं, सटकला की नाही लिहायचं, एक टिक पुढे जायचं. हातात जाड मोजे, डोळ्याला गॉगल, आणि पाना नेहमी आपल्या अंगाकडे ओढायचा, ढकलायचा नाही, म्हणजे सटकला तरी बोटं कशावर आपटत नाहीत. (हे मी ज्युनियरला आधी सांगायला हवं होतं.) आवळण्याच्या दिशेला तीन फेऱ्या, सोडवण्याच्या दिशेला तीन. एकूण १४४ वेळा. कंटाळवाणं काम आहे, दीड तास लागला.

सोडवताना ७२ पैकी एकदाही सटकला नाही. आवळताना ७२ पैकी ३१ वेळा सटकला.

त्या ३१ वर जरा थांबू. जागांप्रमाणे पाहिलं तर ५ जागा तिन्ही फेऱ्यांत ठीक होत्या, ९ जागी एकदा सटकला, ८ जागी दोनदा, आणि २ जागी तिन्ही वेळा. त्या दोन जागा दिसल्यावर माझे डोळे चमकले. सापडले तुटके दाते! मी त्या नंबरांभोवती लाल गोलसुद्धा काढला. मग चहा पिताना साधं गणित केलं. पाना जागा न बघता सरासरी ७२ मधे ३१ वेळा, म्हणजे सुमारे ४३ टक्के वेळा सटकतो असं धरा. एखाद्या जागी निव्वळ योगायोगाने तिन्ही वेळा सटकण्याची शक्यता ०.४३ चा घन, म्हणजे जवळपास ०.०८. अशा २४ जागा. २४ गुणिले ०.०८ म्हणजे १.९. दोष कुठल्याच एका दात्यात नसता तरी मला अशा दोनेक जागा मिळणारच होत्या. मिळाल्याही दोनच. लाल गोल खोडले. तुमच्या डेटामध्ये असे 'चमकणारे' बिंदू दिसतील तेव्हा हे गणित आधी करा, पाच मिनिटांचं आहे. मी ते चहानंतर केलं, पण तोवर ज्युनियरला फोन करून 'दाते तुटलेत' असं सांगून झालं होतं.

आता निष्कर्ष. सोडवताना शून्य, म्हणजे स्प्रिंग ठीक. ग्रीस दोन्हीकडे तेच, म्हणजे तेही कारण नाही. चक्राचा एकच दाता असणं शक्य नाही. उरलं काय? खिटीचं आवळण्याचं टोक झिजलंय. (चलाख वाचक म्हणेल, चक्राच्या सगळ्याच दात्यांची आवळण्याची बाजू सारखी झिजली असेल तर? बरोबर आहे, तेही उरतं. मी तेही कंसात लिहिलं होतं.) वहीत तारीख टाकून लिहिलं: "खिटी, आवळण्याचं टोक, झीज. खात्री १० पैकी ९." आणि त्याच संध्याकाळी अशी खिटी सुटी मिळते का याची चौकशीही करून आले.

मागची झाकणी दोन चपट्या खाचेच्या स्क्रूंनी बसवलेली होती आणि दोन्ही गंजून जाम. जुने स्क्रू उघडताना माणसं खाच बिघडवतात ती घाईने आणि चुकीच्या मापाच्या स्क्रूड्रायव्हरने. पातं खाचेच्या पूर्ण लांबीचं आणि जाडीचं हवं, सैल बसलं तर कड खातं. रात्रभर पातळ तेलात ठेवलं, सकाळी मामांनी स्क्रूड्रायव्हर खाचेत उभा धरून त्यावर हातोडीच्या दोन हलक्या टपल्या दिल्या. गंजाची पकड सुटते ती बहुतेक त्या टपल्यांनी, नुसत्या जोराने नाही.

उघडण्याची सगळी क्रिया मी पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून केली, कारण झाकणी निघाली की स्प्रिंग आणि छर्रा उडतात असं वाचलं होतं. झाकणी निघाली, काहीच उडालं नाही. मी खूश होऊन पिशवी बाजूला ठेवली, खटका जरा हलवला आणि छर्रा गेला. टण् असा आवाज आला, बहुतेक कपाटाखाली. आजतागायत सापडलेला नाही.

खिटी बाहेर काढली, भिंगाखाली धरली. दोन्ही टोकं जवळजवळ सारखी. आवळण्याच्या टोकाचे शेंडे किंचित गोल झालेले, पण तळ अखंड. चक्राचे दाते दोन्ही बाजूंनी ठीक. ज्या गोष्टीबद्दल मी १० पैकी ९ खात्री लिहिली होती ती साफ चुकीची होती.

मी पाच मिनिटं नुसती बसले. मग सवयीने हातातल्या फडक्याने डोक्याच्या आतला कोपरा पुसायला लागले. त्या कोपऱ्यात काळपट-पिवळा, दगडासारखा घट्ट थर होता. नखाने निघेना म्हणून जोर लावला, एक खपली निघाली. त्यात बारीक चमकणारे कण होते. खपली फडक्यात गेली, आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला की हा थर एकाच कोपऱ्यात आहे. समोरचा कोपरा जवळपास स्वच्छ.

कोणता कोपरा? सोडवण्याच्या टोकामागचा. सी-सॉ आठवा. आवळताना आवळण्याचं टोक चक्रात शिरायला हवं, म्हणजे सोडवण्याचं टोक मागे भिंतीला जायला हवं. भिंतीवर घट्ट झालेलं ग्रीस बसलेलं. सोडवण्याचं टोक पूर्ण मागे जाईना, म्हणून आवळण्याचं टोक पूर्ण आत शिरेना. खिटी दात्यांच्या शेंड्यांवर टेकून राहिली आणि भार आला की बाहेर. दोष त्या दिशेला काम करणाऱ्या टोकात नव्हता, रिकाम्या बसलेल्या टोकाच्या पाठीमागे होता.

म्हणजे माझ्या सुरेख कंट्रोलमध्ये भोक होतं. स्प्रिंग दोन्ही दिशांना तीच हे खरं, कारण स्प्रिंग एकच आहे, मी ती मोजू शकते. पण 'ग्रीस दोन्हीकडे तेच' हे मी कशावरून म्हटलं? डबा तोच म्हणून. एका डब्यातलं ग्रीस दोन कोपऱ्यांत जाऊन दोन वेगळी ग्रीसं होऊ शकतात, हे सुचलंच नाही. कंट्रोल लिहिताना आपण "बाकी सगळं समान" असं एका ओळीत लिहून टाकतो. त्या 'सगळं' मध्ये मी काय काय कोंबलं होतं ते एकदा सुटं करून बघितलं असतं तर दीड तासाच्या ओढाओढीनंतर चुकीच्या खिटीच्या शोधात शहरभर फिरावं लागलं नसतं.

आता दुसरी चूक, हाताची. तो थर मी पुसला. फोटो काढण्याआधी. थर किती जाड होता, खिटीच्या पाठीचा ठसा त्यात उमटला होता का, कण पोलादाचे होते की पितळेचे, काहीच आता सांगता येणार नाही. अर्धी खपली फडक्यात आहे, फडक्यावर इतर शंभर पान्यांचं तेल आहे.

सफाईचं थोडक्यात सांगते, कारण त्यात फार काही नाही. सगळे भाग डिझेलमध्ये भिजवले, जुन्या टूथब्रशने घासले, कोपरे लाकडी काडीने खरवडले. गंजासाठी व्हिनेगरचा उपाय घरोघरी सांगतात, झाकणीला तो चालतो, पण स्प्रिंग आम्लात टाकू नका. आम्लाने गंज निघताना हायड्रोजन तयार होतो, त्याचे अणू कडक पोलादात शिरतात आणि ते ठिसूळ होतं. स्प्रिंग वरून लखलखीत दिसते आणि नंतर एक दिवस तुटते. तसंच क्रोमचा मुलामा असलेल्या वस्तूवर विजेने गंज काढायचे प्रयोग करू नका, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरू शकतात. हरवलेल्या छर्ऱ्यासाठी खटक्यातलं भोक मोजलं, ४.१ मिलिमीटर निघालं, आणि सायकलच्या दुकानातून ५/३२ इंची छर्रा आणला, म्हणजे ३.९७ मिलिमीटरचा. दुकानदाराने पैसेच घेतले नाहीत. वंगणासाठी दाट पिवळं ग्रीस वापरलं नाही, शिलाई मशीनचं तेल दोन थेंब. खिटीला हलकं हलायचं असतं, तिला चिखलात उभं करायचं नाही.

जोडला, पुन्हा व्हाइसवर. आवळण्याच्या दिशेला ७२ वेळा ओढला. शून्य.

इथे थांबून आनंद साजरा करता आला असता. पण तुम्हीच सांगा, मी काय काय बदललं होतं? थर काढला. तेल बदललं. छर्रा नवा. स्प्रिंग काढून घातली, ती थोडी ताणलीही गेली असेल. झाकणीचे स्क्रू नव्याने आवळले. पाच गोष्टी बदलल्या आणि एक निकाल बदलला. थरच कारणीभूत होता हे अजून माझं मत होतं. आणि मूळ थर तर मी पुसून टाकला होता.

मग उलट गेले. टूथपिकची एक पातळ कपची कापली आणि ज्या कोपऱ्यात थर होता तिथे बसवली. बाकी सगळं जसंच्या तसं: तोच नवा छर्रा, तेच तेल. आवळण्याच्या दिशेला २४ वेळा ओढला, ११ वेळा सटकला. सोडवण्याच्या दिशेला २४ वेळा, शून्य. जुना रोग हुबेहूब परत आला होता. मग उघडून कपची समोरच्या कोपऱ्यात लावली. आता आवळताना शून्य, सोडवताना ९ वेळा. रोगाने कूस बदलली. कपची काढून टाकली, दोन्हीकडे शून्य.

मामा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "दुरुस्त केलेला पाना मुद्दाम बिघडवतेस होय?" हो. नीट झालेली गोष्ट हवी तेव्हा बिघडवता आली आणि बिघाड हव्या त्या बाजूला नेता आला, तेव्हाच मला कोपऱ्याबद्दल छातीठोकपणे बोलता आलं. तरी शब्द तोलूनच वापरायला हवेत. कोपऱ्यात काही अडकलं तर पाना त्याच प्रकारे सटकतो, एवढं मी दाखवलं. माझ्या पान्यातला मूळ थर एवढं करण्याइतका जाड होता, हे दाखवलेलं नाही. ते फडक्यात गेलं.

आणि तो थर एकाच कोपऱ्यात का? याचा एक फार आवडता अंदाज माझ्याकडे आहे. खटका सोडवण्याच्या दिशेला असताना सोडवण्याचं टोक चक्रात असतं, म्हणजे त्याच्या मागचा कोपरा मोकळा राहतो. तिथे ग्रीस साठायला, कचरा पडायला, वर्षानुवर्षं वाळायला जागाच जागा. समोरच्या कोपऱ्यात खिटी टेकलेली, तिथे साठायला वाव नाही. आता सांगा, असा पाना कुठे वापरला जातो जो कायम सोडवण्याच्याच दिशेला असतो? भंगारात! तिथे गाड्या फक्त उघडतात, कोणी काही आवळत नाही. पाना जुन्या बाजारात आला तो तिथूनच आला असणार. गोष्ट इतकी छान जुळते की सांगताना मलाच खरी वाटते. पण तिला एक साधा पुरावा हवा होता: मी विकत घेतला तेव्हा खटका कोणत्या बाजूला होता? मी बघितलंच नाही. काकांनी फिरवून दाखवला, मी फिरवला, पिशवीत टाकला. त्यामुळे या पान्याचा दोष कसा चालत होता हे मला माहीत आहे, तो आला कुठून हे माहीत नाही, आणि आता कळणारही नाही.

तशीच एक पळवाट वयाच्या बाबतीतही होती. गोटी झटकन सोडायचं बटण या पान्याला नाही. ती युक्ती पीटर रॉबर्ट्स या अमेरिकन तरुणाने १९६० च्या दशकात काढली आणि पुढे ती सगळीकडे गेली. म्हणून मी घरी ऐटीत सांगितलं होतं की पाना त्याआधीचा आहे. पण बटण नसलेले स्वस्त रॅचेट आजही बनतात. बटण असतं तर पाना त्यानंतरचा असं म्हणता आलं असतं, नसण्यावरून काहीच म्हणता येत नाही.

शेवटची परीक्षा भाराची. शेंडे थोडे गोल झालेत, म्हणून काट्याने २० किलोपर्यंत ओढून बघितलं. २५ सेंटिमीटरवर २० किलो म्हणजे ४९ न्यूटन-मीटर. सटकला नाही, दोन्ही दिशांना २४ जागी. चारचाकीच्या चाकाचे नट साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात, म्हणजे याच्या दुप्पट. तिथे हा पाना वापरायला माझ्याकडे आधार नाही. हँडलला लाल टेप गुंडाळली आणि त्यावर लिहिलं, 'फक्त हलकं काम, ४० पर्यंत'.

सरांनी टेप वाचली. "मी मधलं काही नको म्हणालो होतो." मी वही पुढे केली. त्यांनी १४४ चा तक्ता बघितला, कपचीचा बघितला, आणि विचारलं, "उघडल्या उघडल्याचा फोटो कुठाय?" मी फडकं दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण टेप राहू दिली.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचं कारण पाना नव्हता. माझा विषय आहे नट-बोल्ट हादऱ्याने सैल का होतात हा. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली दाखवलं की बोल्टला आडवे हादरे बसले की तो स्वतःहून फिरून सुटतो, आणि आमची रिग त्याच पद्धतीची आहे. ती मला एका सिनियरकडून मिळाली, आठ बोल्टांसकट. आठही एकाच खोक्यातले. गेल्या वर्षीच्या माझ्या प्रत्येक तक्त्याखाली एक ओळ आहे: "सर्व बोल्टांचं वंगण समान." ही ओळ मी त्या खोक्यावरून लिहिली होती. बोल्ट आवळताना लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने दहावा हिस्साच बोल्ट ताणायला लागतो, बाकी सगळा घर्षण खातं. त्यामुळे पान्यावर आकडा तोच असला तरी कोरडा बोल्ट आणि तेलकट बोल्ट यांच्यात ताण वेगळा असतो.

सोमवारी सकाळी ज्युनियर आणि मी आठही बोल्ट काढले. या वेळी आधी प्रत्येकाचा जागेवर फोटो, मग काढल्यावर, मग कागदावर ठसा, आणि फडकं दुसऱ्या खोलीत. सहा बोल्टांच्या आट्यांवर तेल होतं. तीन आणि सात नंबरचे कोरडे ठणठणीत होते. त्या दोघांचे गेल्या वर्षीचे सगळे आकडे मी बाजूला काढले आहेत आणि सरांची वेळ मागितली आहे.